खेळाडूंसाठी राखीव मार्गिका, श्रमिकांसाठी का नाही?

26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडासंघटनेच्या सभेने 2030 च्या स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला बहाल केले. 2036 च्या ऑलिंपिकसाठीही याच शहराचे नाव पुढे करण्यात आले आहे. तेव्हापासून राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा डांगोरा पिटणे सुरू आहे. क्रीडांगणे किती भव्य असतील, पाहुणे कोठे उतरतील, जमिनीचे भाव किती चढतील याची वर्णने भांडवली वर्तमानपत्रे रकानेच्या रकाने भरून छापीत आहेत. मात्र स्पर्धांच्या त्या दिवसांत शहराच्या रस्त्यांवर राज्य कोणाचे असेल, आणि पाहुणे परतल्यावर ते कोणाकडे जाईल, हा साधा प्रश्न विचारण्याची गरज त्यांना भासत नाही. श्रमिक जनतेने तो आतापासूनच विचारला पाहिजे. याचे कारण असे की, हे नाटक आपल्या देशात आणि जगात अनेकदा झालेले आहे आणि त्याचा शेवटचा अंक बहुतेक वेळा एकच असतो.

मोटारींची संख्या आवरा, रस्त्याचा एक हिस्सा बससाठी राखून ठेवा, अशी मागणी कामगार संघटनांनी केली की तज्ज्ञांचा एक ठराविक वर्ग शहाजोगपणे उत्तर देतो: हे व्यवहार्य नाही, लोक मोटार सोडणार नाहीत, व्यापार बुडेल, लोकशाहीत नागरिकाच्या स्वातंत्र्यावर असा घाला घालता येत नाही. हीच मंडळी मोठ्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की मूग गिळून बसतात. परकीय पाहुण्याची गाडी कोंडीत अडकू नये म्हणून जे जे करावे लागते ते सारे एका रात्रीत व्यवहार्य ठरते, आणि नागरिकाचे स्वातंत्र्य त्या पंधरा दिवसांपुरते खुंटीला टांगलेले चालते.

अटलांटाचे सतरा दिवस

1996 साली अमेरिकेतील अटलांटा शहरात 19 जुलै ते 4 ऑगस्ट या काळात ऑलिंपिक झाले. अटलांटा हे मोटारीसाठीच वाढलेले शहर. तेथेही सार्वजनिक वाहतूक रात्रंदिवस चालू ठेवण्यात आली, सुमारे 1000 जादा बसगाड्या आणण्यात आल्या, शहराचा मध्यभाग खाजगी मोटारींना बंद करण्यात आला आणि कचेऱ्यांच्या वेळा बदलण्यात आल्या. पुढे 2001 साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात काही संशोधकांनी या सतरा दिवसांचा हिशेब मांडला. सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक 22.5 टक्क्यांनी घटली होती आणि हवेतील ओझोनची दैनिक कमाल पातळी जवळजवळ 28 टक्क्यांनी उतरली होती. गरिबांसाठी असलेल्या सरकारी वैद्यकीय साहाय्य योजनेच्या नोंदींत लहान मुलांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांचे प्रमाण 41.6 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

या आकड्यांचा गाजावाजा बराच झाला. त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवून दिले की, त्याच काळात अमेरिकेच्या आग्नेय भागातील इतर शहरांतही ओझोन उतरला होता, म्हणजे हवामानाचाही त्यात मोठा वाटा होता. आणि अटलांटातील इस्पितळांच्या अधिक व्यापक नोंदी तपासल्या असता दम्याच्या रुग्णांतील घट तितकीशी ठामपणे सिद्ध होत नाही. प्रतिपक्षाच्या हाती कोलीत द्यायचे नसेल तर ही गोष्ट आपणच आधी मांडणे शहाणपणाचे आहे. परंतु तिने मूळ मुद्दा ढळत नाही. ओझोन कशाने उतरला यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. सकाळच्या मोटारी कमी झाल्या आणि शहर बंद पडले नाही, यावर वाद नाही. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते घडले. त्यासाठी लोकांच्या मनोवृत्तीत क्रांती व्हावी लागली नाही. बस वेळेवर आली, एवढेच पुरले.

बारा वर्षे आधी, 1984 साली, लॉस एंजेलिसमध्येही असेच घडले होते. प्रचंड कोंडीची भाकिते झाली होती; प्रत्यक्षात मालमोटारींचे काम रात्री हलविण्यात आले, कामाच्या वेळा पुढेमागे करण्यात आल्या, प्रेक्षकांसाठी बसगाड्या धावल्या आणि रस्ते मोकळे राहिले. स्पर्धा संपल्या आणि कोंडी परतली. आता 2028 साठी त्याच शहराने मोटारीविना ऑलिंपिकची घोषणा 2024 साली केली. त्यासाठी देशभरातील वाहतूक संस्थांकडून 3000 च्या आसपास बसगाड्या आणण्याची योजना आहे. आणायच्या कशा? उसनवार! पाहुणे गेले की गाड्या ज्यांच्या त्यांना परत. शहरातील मोलकरणी, हॉटेल कामगार आणि गोदामांतील हमाल पुन्हा आपापल्या थांब्यावर ताटकळत उभे.

या शहराला मोटारीचे व्यसन जन्मतः जडलेले नव्हते हेही लक्षात ठेवले पाहिजे. एकेकाळी जगातील सर्वांत विस्तृत विद्युत ट्राममार्गांपैकी एक जाळे तेथे होते. तेथील शेवटची ट्राम 1963 साली बंद झाली. ज्या कंपनीने अमेरिकेतील अनेक शहरांच्या वाहतूक संस्था गिळल्या, आणि ज्या कंपनीकडे लॉस एंजेलिसच्या शहरी ट्रामचा ताबा 1945 साली गेला, तिच्या पाठीशी जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया यांचा पैसा होता. 1949 साली शिकागोच्या संघराज्य न्यायालयात, या वाहतूक संस्थांना बसगाड्या, इंधन व टायर विकण्याची मक्तेदारी मिळविण्याच्या कटाबद्दल या मक्तेदारांना दोषी ठरविण्यात आले. जनरल मोटर्सला दंड झाला 5000 डॉलर. तिच्या खजिनदाराला झाला 1 डॉलर. ट्राम बुडण्यामागे केवळ हा एकच कट होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रस्त्यांवर ओतलेला सरकारी पैसा, खाजगी ट्राम कंपन्यांची स्वतःची दिवाळखोरी, ही कारणेही होतीच. पण लोकांनीच मोटार निवडली, ही भाकडकथा मात्र त्या एक डॉलरच्या दंडाशेजारी ठेवून वाचावी.

बीजिंगचा धडा, दोन्ही अंगांनी

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी 20 जुलै ते 20 सप्टेंबर असे दोन महिने सम-विषम क्रमांकांच्या मोटारी आलटून पालटून बंद ठेवण्यात आल्या. शहरात त्या वेळी 30 लाखांहून अधिक मोटारी होत्या. भांडवली जगातील वृत्तपत्रांनी हुकूमशाहीचा गहजब केला. हुकूम काढला गेला, हे खरेच. परंतु हुकुमाच्या आधी काय केले गेले होते ते सांगण्याचे या वृत्तपत्रांनी शिताफीने टाळले. 2007 साली तेथील बसचे भाडे 1 युआनवर आणि भुयारी रेल्वेचे भाडे अंतर कितीही असो 2 युआनवर आणून ठेवण्यात आले होते, आणि निर्बंध लागू होण्याच्या आदल्याच दिवशी तीन नवे रेल्वेमार्ग सुरू करण्यात आले. मोटारवाल्याला रस्त्यावरून उठविताना त्याच्यासाठी दुसरी बैठक मांडून ठेवलेली होती.

परिणाम काय झाला? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ज्या मातांचा आठवा महिना त्या ऑलिंपिकच्या काळात आला, त्यांच्या बाळांचे जन्मतःचे वजन आदल्या व नंतरच्या वर्षांतील त्याच दिवसांच्या मानाने सरासरी 23 ग्रॅमनी अधिक भरले. कारखाने बंद ठेवले होते, बांधकामे थांबविली होती, त्यामुळे सगळे श्रेय मोटारबंदीला देता येत नाही. तरी 23 ग्रॅम ही मोजता येणारी गोष्ट आहे, आणि आईच्या पोटातील मूल सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला भुलत नाही.

बीजिंगचे कौतुक करताना दुसरे अंगही झाकून चालणार नाही. बांधकामे थांबली तेव्हा खेड्यांतून आलेल्या मजुरांना गावी परतावे लागले. स्वच्छ हवेची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापाशी मोटार नव्हती. डिसेंबर 2014 मध्ये 2 युआनचे सरसकट भाडेही मोडीत निघाले. तथापि निर्बंध पाहुण्यांबरोबर संपूर्ण विरून गेले नाहीत. ऑक्टोबर 2008 पासून प्रत्येक मोटारीला आठवड्यातील एक कामाचा दिवस बंदी आली, 2011 पासून नव्या मोटारीच्या नोंदणीसाठी सोडत सुरू झाली, आणि रेल्वेचे जाळे वाढतच राहिले. समाजवादाच्या मित्रांनी यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, मोटारीवरील निर्बंधाचा भार मजुराच्या रोजीवर पडता कामा नये आणि भाड्याची सवलत ही खेळांपुरती खिरापत असता कामा नये.

दिल्ली: एकच शहर, दोन मार्गिका

आता आपल्या राजधानीकडे वळू. येथे गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल.

दिल्लीचे रस्ते खेळांनीच रुंदावत आले आहेत. 1982 च्या एशियाडच्या वेळी उड्डाणपूल उभे राहिले. ते उभारणाऱ्या मजुरांचा त्या वेळचा किमान रोज 9 रुपये 25 पैसे होता आणि त्यातील 1 रुपया जमादार कापून घेत असे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेच्या कलम 23 खालील वेठबिगारच होय. पुलांच्या उद्घाटनाच्या बातम्या आल्या त्या मानाने या निकालाच्या बातम्या किती छोट्या होत्या, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धा 3 ते 14 ऑक्टोबरला झाल्या. क्रीडाग्राम आणि नेहरू स्टेडियम जोडण्यासाठी बारापुला नाल्यावर सुमारे 4 किलोमीटर लांबीचा उन्नत रस्ता बांधण्यात आला. शहराच्या प्रमुख रस्त्यांवर रंगाचे पट्टे ओढून खेळांच्या वाहनांसाठी मार्गिका राखून ठेवण्यात आल्या. त्यांत घुसणाऱ्याला दंडाची तंबी देण्यात आली, आणि पोलीस त्यांच्यावर जातीने उभे राहिले. शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या देण्यात आल्या. फेरीवाले आणि भिकारी दृष्टीआड करण्यात आले. ज्यातून लाखो कष्टकरी रोज प्रवास करीत त्या खाजगी ब्लूलाइन बसगाड्या रस्त्यांवरून हटविण्यात आल्या. या गाड्या बेदरकार होत्या, त्यांनी अनेकांचे बळी घेतले होते, त्यांचे मालक नफेखोर होते, यात संशय नाही. 1992 पासून सरकारने सार्वजनिक वाहतूक खाजगी मालकांच्या गळ्यात बांधल्याचेच ते फळ होते. पण त्या हटवायच्या तर आधी त्यांच्या जागी महामंडळाच्या पुरेशा गाड्या हव्या होत्या. महामंडळाच्या नव्या गाड्यांचा मोठा ताफा तर खेळांच्या सेवेला जुंपलेला! म्हणजे मोटारी कमी करण्याच्या नावाखाली दिल्लीत आधी कमी झाली ती बस. सीलमपूरहून ओखल्याला कामावर जाणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न आयोजन समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

त्या पट्ट्यांविरुद्ध मोटारवाल्यांनी कुरकुर केली खरी. पण न्यायालयाची पायरी चढून ते पट्टे पुसून टाका, असा संघटित आक्रोश झाला नाही. राष्ट्राची प्रतिष्ठा होती ना!

आणि त्याच वेळी, त्याच शहरात, दुसरी एक मार्गिका होती. एप्रिल 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या 5.8 किलोमीटरच्या रस्त्यावर मध्यभागी बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, बाजूला सायकलींसाठी व पादचाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवण्यात आली. हा दिल्लीतील पहिला रस्ता, ज्यावर बसमधील माणसाला मोटारीतील माणसापुढे जाता येत होते. पहिल्या दिवसापासून त्याच्याविरुद्ध जी मोहीम उघडण्यात आली तिला तोड नाही. इंग्रजी वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवाले रोज मोटारींच्या रांगांची छायाचित्रे दाखवीत. शेजारच्या मार्गिकेतून पुढे सरकणाऱ्या बसचे छायाचित्र क्वचितच दिसे. रचनेत दोष नव्हते असे नाही. चौकांतील सिग्नलांचे फेरे लांब होते आणि बसच्या मार्गिकेत पुरेशा बसगाड्याच नव्हत्या. पण ज्या मार्गिकेला बस पुरवायची ती पुरवायची नाही, आणि मग ती रिकामी दिसते म्हणून ओरडायचे, हा कावा समजायला फारशी बुद्धी लागत नाही.

प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या संख्येने केला पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले. 2011 च्या जनगणनेनुसार दिल्लीतील जेमतेम 21 टक्के कुटुंबांकडे मोटार होती; देशात हे प्रमाण 5 टक्क्यांच्याही आत होते. न्यायालयात जे जिंकता आले नाही ते पुढे राजकारणात जिंकण्यात आले. जानेवारी 2016 मध्ये राज्य सरकारने ती मार्गिका उखडायला सुरुवात केली. आणि याच जानेवारीच्या 1 ते 15 तारखांना हेच सरकार सम-विषम योजना राबवीत होते! एका हाताने मोटार घरी ठेवा म्हणून सांगायचे आणि दुसऱ्या हाताने बसची वाट उखडायची. तीत दुचाक्यांना सूट, महिला चालकांना सूट, बड्या पदाधिकाऱ्यांना सूट. आणि बसगाड्या कमी पडतात म्हणून शाळांना सुट्टी देऊन शाळांच्या बसगाड्या घ्याव्या लागल्या. 28 जुलै 1998 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बसगाड्यांची संख्या 1 एप्रिल 2001 पर्यंत 10,000 वर नेण्याचा आदेश दिला होता. ती मुदत उलटून गेली, संख्या गाठली गेली नाही, आणि एकाही सरकारला त्याची शरम वाटली नाही.

खेळांच्या पट्ट्यासाठी जो पोलीस मिळतो तो बसच्या पट्ट्यासाठी मिळत नाही. दोन्ही पट्टे एकाच डांबरावर ओढलेले. फरक फक्त आत बसलेल्याच्या वर्गाचा.

हे केवळ दिल्लीचे दुखणे आहे असे महाराष्ट्रातील वाचकांनी समजू नये. पुण्याने 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसच्या राखीव मार्गिकेचा प्रयोग देशात सर्वांआधी केला. पुढे नगर रस्त्यावरील मार्गिकेचा भाग मोटारींच्या कोंडीचे कारण देऊन काढून टाकण्यात आला. ज्या शहराची ख्याती सायकलींचे शहर म्हणून होती तेथील ही कथा.

किंमत कोण मोजतो

आणखी एक युक्तिवाद अलीकडे फार फॅशनमध्ये आहे. निर्बंध नकोत, किंमत वाढवा. जो मोजील तो जाईल. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या विचाराचे फळ दिसले. यजमानपद मागताना प्रेक्षकांना सार्वजनिक वाहतूक मोफत देण्याचे आश्वासन होते. ते गुंडाळण्यात आले आणि 20 जुलै ते 8 सप्टेंबर या काळात भुयारी रेल्वेचे साधे तिकीट 2.15 युरोवरून 4 युरोवर नेण्यात आले. मासिक पासधारक रहिवासी त्यातून वाचले, हे खरे. पण ज्याची नोकरी महिनाभर टिकण्याची शाश्वती नाही तो मासिक पास कशाला काढील? त्याच पॅरिसने मात्र एक गोष्ट टिकविली. शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावर खेळांसाठी राखलेली मार्गिका 2025 पासून गर्दीच्या वेळी बस, टॅक्सी आणि एकाहून अधिक प्रवासी असलेल्या मोटारींसाठी राखून ठेवण्यात आली. मार्गिका पाहुण्यांबरोबर पुसलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही.

लंडनची एक गंमत येथे नोंदवण्याजोगी आहे. 2012 साली तेथे खेळांसाठी 30 मैलांच्या मार्गिका राखल्या होत्या. घुसखोराला 130 पौंड दंड होता. तेथील वृत्तपत्रांनी त्यांना ‘झिल मार्गिका’ असे नाव दिले. मॉस्कोत नेत्यांच्या झिल गाड्यांसाठी रस्त्याचा मधला पट्टा मोकळा ठेवीत, त्यावरून. टोमणा बोचरा आहे आणि तो निमूट सोसला पाहिजे, कारण त्या पट्ट्यातून कामगार जात नव्हते. पण मग ऑलिंपिक समितीचे पदाधिकारी आणि पुरस्कर्त्या कंपन्यांचे पाहुणे ज्या पट्ट्यातून गेले तो कोणत्या लोकशाहीचा, हेही त्या वृत्तपत्रांनी सांगावे.

अहमदाबादला या साऱ्याची तयारी करायला अजून अवधी आहे. या शहरात 1947 पासून महानगरपालिकेची स्वतःची बससेवा आहे, 2009 पासून जनमार्गाच्या राखीव मार्गिका आहेत आणि मोटेरापर्यंत मेट्रो जाते. म्हणजे मुळात काहीच नाही असे नाही. तेव्हा यजमानपदाच्या करारांची कलमे अजून लिहिली जात असतानाच तेथील कामगार संघटनांनी, फेरीवाल्यांच्या संघटनांनी आणि पक्षाच्या शाखांनी पुढे आले पाहिजे. खेळांसाठी घेतली जाणारी प्रत्येक बस महानगरपालिकेच्या मालकीची असावी, उसनी किंवा कंत्राटदाराची नसावी, आणि समारोपाच्या दुसऱ्या दिवशी ती कोणत्या मार्गावर धावेल हे आधीच जाहीर व्हावे. खेळांसाठी ओढलेला प्रत्येक पट्टा पुढे बसचा पट्टा म्हणून राहावा. स्पर्धांच्या काळात नेहमीच्या मार्गावरील एकही फेरी कमी होऊ नये, एकाही फेरीवाल्याला पर्यायी जागेवाचून उठवू नये, आणि चालक-वाहकांच्या जादा पाळ्यांचा पगार जादा दराने मिळावा. या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. दिल्लीत 2010 साली असे एकही कलम कोणी लिहून घेतले नाही, आणि पंधरवडा उलटताच पट्ट्यांवरचा रंग टायरांखाली झिजून गेला.